जर्मन परीक्षेतली औपचारिक ई-मेल: संबोधनापासून सहीपर्यंत

गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे पुण्या-मुंबईत आपण ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतो ती संस्था, तिच्या बी१ या मधल्या पातळीच्या परीक्षेत लेखनाचा विभाग ६० मिनिटांचा असतो. त्यात तीन प्रश्न येतात. पहिला मित्राला किंवा मैत्रिणीला ई-मेल, साधारण ८० शब्द, ४० गुण. दुसरा एखाद्या विषयावर आपलं मत, तेही ८० शब्द आणि ४० गुण. तिसरा म्हणजे औपचारिक ई-मेल: जेमतेम ४० शब्द, १५ मिनिटं, २० गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ६० लागतात. हे २० गुण सगळ्यांत लवकर हाताशी येणारे आहेत, कारण मजकूर छोटा असतो आणि साचा ठरलेला असतो. तरीही इथेच बरेच जण घसरतात. व्याकरण बरोबर असतं, पण सूर चुकतो.

जर्मनमधला औपचारिक सूर क्रियापदाच्या रूपात आणि सर्वनामात असतो. 'आपणांस नम्र विनंती', 'तसदीबद्दल क्षमस्व' अशी आपल्या पत्रातली आदराची वाक्यं जर्मनमध्ये नेली तर ती अवघडलेली वाटतात, आणि ४० शब्दांत त्यांना जागाही नसते. मोजकी रूपं पक्की केली की काम होतं.

लेखातली जर्मन वाक्यं देवनागरीत, जवळात जवळच्या उच्चारानं दिली आहेत. तुमच्या पाठ्यपुस्तकातून प्रत्येकाचं स्पेलिंग शोधून वहीत बाजूला लिहून ठेवा. परीक्षेत गुण स्पेलिंगलाही आहेत.

आधी कोणाला लिहायचंय ते ठरवा

बी१ च्या तिसऱ्या प्रश्नात मुद्द्यांची यादी नसते. दोन-तीन ओळींत एक प्रसंग दिलेला असतो. उदाहरणार्थ: तुमच्या कोर्सच्या शिक्षिका फ्राउ बेर्गर यांच्या शुक्रवारच्या तासाला तुम्हाला येता येणार नाही. त्यांना लिहा, सभ्यपणे दिलगिरी व्यक्त करा आणि का येता येत नाही ते सांगा. म्हणजे मुद्दे प्रसंगातच दडलेले असतात आणि ते तुम्हीच बाहेर काढायचे असतात. पेन हातात घेतल्यावर पहिलं काम हे: प्रश्नातल्या क्रियापदांखाली रेघ ओढा. 'एंटशुल्डिगेन' दिसलं तर दिलगिरी हवी, 'बिटेन' दिसलं तर विनंती हवी, 'बेरिश्टेन' दिसलं तर कारण किंवा हकीगत हवी. यातलं एक राहिलं तर बाकी मजकूर कितीही सुबक असो, गुण कापले जातात.

मग समोरची व्यक्ती बघा. नावाआधी 'फ्राउ' किंवा 'हेर' असेल तर सर्वनाम 'झी'. 'डू' चालत नाही. मराठीत आपण शिक्षकांना 'तुम्ही' म्हणतो आणि मित्राला 'तू', तसाच हा फरक आहे, त्यामुळे समजायला अवघड नाही. अवघड आहे ते शेवटपर्यंत टिकवणं. पहिला प्रश्न मित्राला लिहिलेला असतो, हाताला 'डिर' (तुला), 'डाइन' (तुझा) यांची सवय लागलेली असते आणि तिसऱ्या प्रश्नात मध्येच 'डाइने ई-मेल' येऊन जातं. औपचारिक मेलमध्ये फक्त ही तीन रूपं येऊ द्या: झी (तुम्ही), ईनेन (तुम्हाला), ईर किंवा ईरे (तुमचा, तुमची). तिन्हींचं पहिलं अक्षर कायम मोठं लिहायचं. छोट्या अक्षरानं लिहिलेलं 'ईरे' म्हणजे 'तिचं' किंवा 'त्यांचं', आणि वाक्याचा अर्थच बदलतो. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसल्यामुळे आपलं लक्ष तिथे आपोआप जात नाही. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षरही मोठं असतं: टेर्मीन, उंटररिश्ट, आंटवोर्ट.

संबोधन

बाई असतील तर 'झेअर गेएर्टे फ्राउ बेर्गर'. पुरुष असेल तर 'झेअर गेएर्टेर हेर क्लाइन', इथे विशेषणाच्या शेवटी 'आर' येतो. नाव माहीत नसेल, कार्यालयाला किंवा कंपनीला लिहायचं असेल तर 'झेअर गेएर्टे डामेन उंट हेरेन'. या तीन ओळी झोपेतून उठवलं तरी लिहिता आल्या पाहिजेत.

फ्राउ किंवा हेर यांच्यापुढे आडनावच येतं. आपल्याकडे 'सुनीता मॅडम' म्हणायची पद्धत आहे, पण जर्मनमध्ये पहिल्या नावाआधी फ्राउ लावायची पद्धत नाही. प्रश्नात पूर्ण नाव दिलं असेल तर त्यातलं आडनाव तेवढं उचला.

शिक्षिका, शेजारी, ओळखीतले सहकारी यांना 'लीबे फ्राउ बेर्गर' असंही लिहिता येतं. त्यात जवळीक थोडी जास्त असते, पण पुढे सर्वनाम 'झी'च राहतं. शंका असेल तेव्हा 'झेअर गेएर्टे' घ्या, ते कधीच चुकत नाही. 'हालो' मात्र मित्रासाठी ठेवा.

संबोधनानंतर स्वल्पविराम, मग नवी ओळ, आणि त्या ओळीतला पहिला शब्द छोट्या अक्षरानं सुरू. अपवाद: पहिला शब्द नाम असेल किंवा 'झी', 'ईर' असेल तर मोठं अक्षर. इंग्रजी पत्राची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास मोठ्या अक्षराकडे जातो.

पहिलं वाक्य सरळ मुद्द्याचं

हालहवाल विचारण्यात शब्द घालवू नका. ४० शब्दांपैकी संबोधन आणि शेवटची सही मिळून नऊ-दहा शब्द जातात, उरतात तीस. पहिल्याच वाक्यात निरोप द्या:

'लाइडर कान इश आम फ्रायटाक निश्ट त्सुम उंटररिश्ट कोमेन.' दुर्दैवानं शुक्रवारी मला तासाला येता येणार नाही.

'लाइडर' वाक्याच्या सुरुवातीला आलं की लगेच क्रियापद, मग कर्ता: लाइडर कान इश. 'लाइडर इश कान' ही सर्रास दिसणारी चूक आहे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर, पहिल्या जागेवर काहीही असो. 'मॉर्गेन (उद्या) कान इश', 'डेसहाल्प (म्हणून) म्योश्टे इश', सगळीकडे तोच नियम.

आमंत्रण किंवा निरोप आधी आलेला असेल तर सुरुवात आभारानं होऊ शकते: 'फीलेन डांक फ्यूर ईरे ई-मेल' किंवा 'फीलेन डांक फ्यूर डी आइनलाडुंग'. चार-पाच शब्दांत सूर लागतो आणि पुढचं नकाराचं वाक्य मऊ होतं.

विनंती: इथे जास्त वेळ द्या

एकच मागणी किती तऱ्हेनं करता येते ते बघा. गृहपाठ पाठवायला सांगायचंय.

'शिकेन झी मिर बिटे डी हाउसआउफगाबेन.' हा 'बिटे' लावलेला आज्ञार्थ. बरोबर आहे, पण शिक्षिकेकडून काही हवं असताना जरा हुकमी वाटतो.

'क्योनेन झी मिर बिटे डी हाउसआउफगाबेन शिकेन?' चालेल.

'क्योन्टेन झी मिर बिटे डी हाउसआउफगाबेन शिकेन?' परीक्षेसाठी हेच हवं. 'क्योनेन'च्या जागी 'क्योन्टेन' हे कोन्युंक्टीफचं, म्हणजे 'शकाल का' अशा सौम्य अर्थाचं रूप आलं, आणि विनंती खऱ्या अर्थानं सभ्य झाली. शब्द एकही वाढला नाही. मूळ क्रियापद 'शिकेन' वाक्याच्या अगदी शेवटी, हे विसरू नका.

'वेरे एस म्योग्लिश, डेन टेर्मीन त्सू फेरशीबेन?' भेटीची वेळ पुढे ढकलता येईल का? या साच्यात शेवटी 'त्सू' आणि मूळ क्रियापद येतं. क्रियापद तुटणारं, म्हणजे ज्याचा पुढचा तुकडा वाक्यात वेगळा होतो असं असेल तर 'त्सू' त्याच्या पोटात जातो: आब्झागेन (रद्द करणे) याचं 'आब्त्सुझागेन' होतं आणि ते एकच शब्द म्हणून लिहायचं. फेरशीबेन तुटत नाही, म्हणून तिथे 'त्सू' वेगळा.

स्वतःची इच्छा सांगायची असेल तर 'इश म्योश्टे' किंवा 'इश व्युर्डे गेर्न'. 'इश विल' लिहू नका. त्यात हट्ट ऐकू येतो, आणि परीक्षक सर्वांत आधी टिपतो अशा शब्दांपैकी तो एक आहे.

आता या रूपांतला खरा धोका. क्योन्टेन, हेटे, वेरे, व्युर्डे या सगळ्यांत स्वरावर दोन टिंबं आहेत. टिंबं राहिली की शब्द चुकतो एवढंच नाही, दुसराच शब्द तयार होतो. टिंबांविना 'क्योन्टेन'चं 'कोन्टेन' होतं, म्हणजे 'जमलं होतं'. 'हेटे'चं 'हाटे' होतं, म्हणजे 'होतं, जवळ होतं'. 'व्युर्डे'चं 'वुर्डे', म्हणजे 'झालं'. मग 'तुम्ही पाठवू शकाल का' ऐवजी 'तुम्हाला पाठवता आलं होतं का' असं काहीतरी कागदावर येतं. घाईत लिहिताना टिंबं मागाहून द्यायची सवय असेल तर ती मोडा. शब्द संपला की लगेच टिंबं द्या.

माहिती विचारायची असेल तर प्रश्न दुसऱ्या वाक्यात गुंफला की जास्त सभ्य होतो: 'क्योन्टेन झी मिर बिटे झागेन, वान डेर कुर्स बेगिंट?' आतल्या भागात क्रियापद शेवटी गेलं, 'बेगिंट डेर कुर्स' राहिलं नाही. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'ओप' वापरायचं: 'इश म्योश्टे गेर्न व्हिसेन, ओप एस नोख आइनेन प्लाट्स गिप्ट.' अजून जागा आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल. इथे शेवटी पूर्णविराम येतो, प्रश्नचिन्ह नाही.

कारण सांगताना

मजकुराची जोडणी कशी आहे यालाही गुण आहेत, म्हणून सुटी सुटी वाक्यं ठेवू नका. 'वाइल' (कारण) घेतलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला: 'वाइल इश आइनेन टेर्मीन बाइम त्सानआर्ट्स्ट हाबे.' मराठीत 'कारण माझी दंतवैद्याकडे वेळ ठरलेली आहे' म्हणताना क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे मराठी माणसाला ही रचना खरं तर सोपी जायला हवी. अडचण येते ती वाक्य मनात इंग्रजीतून जुळवल्यामुळे. 'डेन' (हेही 'कारण'च) घेतलं तर क्रम बदलत नाही, आणि 'डेसहाल्प' घेतलं तर पाठोपाठ क्रियापद.

कारणं चार-पाच तयार ठेवा, त्यांच्या विभक्तींसकट. आजारी आहे: इश बिन क्रांक. मुलाला बरं नाही: माइन किंट इस्ट क्रांक. काम आहे: इश मुस आर्बाइटेन. डॉक्टरकडे जायचंय: टेर्मीन बाइम आर्ट्स्ट. गाडीला उशीर झालाय: माइन त्सूक हाट फेरश्पेटुंग. परीक्षक कारण खरं आहे का हे बघत नाही, ते नीट सांगता आलं का हे बघतो. म्हणून स्वतःच्या आयुष्यातलं गुंतागुंतीचं कारण जर्मनमध्ये ओढून आणण्याचा आटापिटा करू नका.

दिलगिरी एकदाच: 'डास टूट मिर झेअर लाइट.' बस. तीनदा माफी मागितल्यानं सभ्यता वाढत नाही, शब्द मात्र संपतात.

वेळ आणि वार

वाराआधी 'आम', घड्याळाच्या वेळेआधी 'उम': आम मोनटाक, उम त्सेन ऊर. पर्यायी वेळ सुचवताना एक सापळा आहे. 'हाल्प त्सेन' म्हणजे साडेनऊ. त्यात 'त्सेन' म्हणजे दहा दिसतं म्हणून साडेदहा समजू नका. लेखी मजकुरात तो शब्द टाळून सरळ आकड्यात '९.३० ऊर' लिहा, जर्मन लोकही लेखी तसंच लिहितात.

भेटीसाठीचा शब्द 'टेर्मीन', आणि त्याबरोबर चालणारी तीन क्रियापदं: फेरआइनबारेन (ठरवणे), फेरशीबेन (पुढे ढकलणे), आब्झागेन (रद्द करणे). परीक्षेतल्या कितीतरी प्रसंगांत यातलं एक लागतं.

शेवट

सहीआधी एक वाक्य: 'फीलेन डांक इम फोराउस' (आगाऊ आभार), 'फीलेन डांक फ्यूर ईर फेरश्टेंडनिस' (समजून घेतल्याबद्दल आभार) किंवा 'इश फ्रॉये मिश आउफ ईरे आंटवोर्ट' (उत्तराची वाट बघतो). मग नव्या ओळीवर 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन'. त्यानंतर स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, काही नाही. त्याखाली तुमचं नाव आणि आडनाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची गरज नाही.

'ग्र्यूसेन'मध्ये दोन गोष्टी सांभाळा: स्वरावरची टिंबं आणि मधलं ते खास जर्मन अक्षर, एस्त्सेट. ते इंग्रजी 'बी'सारखं काढू नका. 'फीले ग्र्यूसे' हे 'लीबे फ्राउ'बरोबर जातं. 'लीबे ग्र्यूसे' आणि 'च्यूस' मित्रांसाठी. संबोधन औपचारिक आणि शेवट घरगुती असा बेमेळ परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो, कारण त्याची नजर आधी याच दोन ओळींवर जाते.

पूर्ण नमुना

झेअर गेएर्टे फ्राउ बेर्गर,
लाइडर कान इश आम फ्रायटाक निश्ट त्सुम उंटररिश्ट कोमेन, वाइल इश उम त्सेन ऊर आइनेन टेर्मीन बाइम त्सानआर्ट्स्ट हाबे. डास टूट मिर झेअर लाइट. क्योन्टेन झी मिर बिटे डी हाउसआउफगाबेन पेर ई-मेल शिकेन? फीलेन डांक फ्यूर ईर फेरश्टेंडनिस.
मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन
आशा पाटील

नावासकट ४७ शब्द. सुरुवातीचं 'लाइडर' मूळ जर्मनमध्ये छोट्या अक्षरानं आहे. निरोप, कारण, दिलगिरी, विनंती, आभार, सगळं आलं.

आता हा मजकूर बघा:

हालो फ्राउ बेर्गर,
इश कोमे आम फ्रायटाक निश्ट. इश हाबे आइनेन टेर्मीन. इश विल डी हाउसआउफगाबेन. शिक मिर बिटे आइने ई-मेल.
लीबे ग्र्यूसे
आशा

यात व्याकरणाची एकही चूक नाही, आणि तरी गुण जातात. 'हालो'नं सुरुवात, 'कोमे निश्ट' म्हणजे नुसतं जाहीर करणं, 'इश विल'चा हट्ट, 'शिक' हे 'डू'चं आज्ञार्थी रूप, शेवटी मैत्रीतला निरोप. शिवाय दिलगिरीचा पत्ता नाही, वाक्यं एकमेकांना जोडलेली नाहीत आणि शब्द जेमतेम पंचवीस. गुणांकन चार निकषांवर होतं: दिलेलं काम पूर्ण झालं का आणि सूर योग्य आहे का, मजकुराची जोडणी, शब्दसंपदा, वाक्यरचना. पहिल्या निकषात शून्य मिळालं तर त्या प्रश्नाचे सगळेच गुण शून्य होतात. मजकूर मागितलेल्या शब्दसंख्येच्या निम्म्याहून कमी असला किंवा विषयच चुकला की हे घडतं. म्हणजे बी१ च्या या मेलमध्ये २० शब्दांच्या खाली जाणं फार महागात पडतं. उलट ७० शब्द लिहिल्यानं जादा काही मिळत नाही, चुकांना जागा मात्र मिळते. ४० ते ५० हा पट्टा धरा.

ए२ आणि बी२

ए२ या बी१ च्या खालच्या पातळीत लेखनाला ३० मिनिटं असतात. दुसरा भाग ३० ते ४० शब्दांची ई-मेल, तीन मुद्दे छापील दिलेले. प्रत्येक मुद्द्याला किमान एक वाक्य, आणि वर सांगितलेलं संबोधन, 'क्योन्टेन झी' आणि शेवट एवढं पुरेसं होतं.

बी२ या वरच्या पातळीत उडी मोठी आहे. तिथे दुसरा भाग साधारण १०० शब्दांचा निरोप, २५ मिनिटं, चार मुद्दे. बऱ्याचदा तो वरिष्ठांना लिहायचा असतो, आणि नाजूक असतो: त्यांची अडचण समजून घ्यायची, आपली अडचण मांडायची, मार्ग सुचवायचा. 'इश हाबे फेरश्टेंडनिस डाफ्यूर, डास...' (हे मी समजू शकतो की...), 'इश व्युर्डे फोरश्लागेन, डास...' (मी असं सुचवेन की...) हे दोन साचे जवळ ठेवा. आणि शेवटासाठी: 'इश वेरे ईनेन झेअर डांकबार, वेन झी मिर बिस फ्रायटाक बेशाइट गेबेन क्योन्टेन.' शुक्रवारपर्यंत कळवू शकलात तर फार आभारी होईन. 'वेन'च्या (जर) भागात 'क्योन्टेन' अगदी शेवटी गेलं आहे, ते पाहून ठेवा. दिलेल्या मुद्द्यांचा क्रम तुम्हाला बदलता येतो, आणि बदलल्यानं मजकूर सलग होत असेल तर जरूर बदला.

ती १५ मिनिटं

बी१ मध्ये प्रश्न कोणत्याही क्रमानं सोडवता येतात. हा तिसरा प्रश्न आधी घेतला तर डोकं ताजं असतं आणि मित्राच्या मेलमधला 'डू' हाताला चिकटलेला नसतो. शेवटाला ठेवला तर वेळ कमी पडून सहीच राहून जाते, म्हणून आधी घेण्याकडे आमचा कल आहे.

तीन मिनिटं वाचन आणि रेघा. संबोधन आणि शेवट आधीच लिहून टाकू नका, मधली जागा कमी-जास्त होते. आठ मिनिटं लिखाण, थेट उत्तरपत्रिकेवर. कच्चं लिहून मग उतरवायला वेळ पुरत नाही. पेन्सिल चालत नाही, शब्दकोश आणि मोबाइल तर नाहीच. उरलेली चार मिनिटं तपासणीला, आणि नुसतं 'पुन्हा एकदा वाचून' भागत नाही. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट शोधा. पहिली फेरी: कुठे 'डू', 'डिर', 'डाइन' घुसलंय का, आणि झी-ईनेन-ईर यांची अक्षरं मोठी आहेत का. दुसरी: 'वाइल', 'ओप', 'वेन' यांच्यामागचं क्रियापद शेवटी आहे का, त्यांच्याआधी स्वल्पविराम आहे का. तिसरी: टिंबं. चौथी: नामांची मोठी अक्षरं. मग प्रश्नात रेघ मारलेल्या क्रियापदांवर बोट ठेवून त्या प्रत्येकाचं वाक्य मजकुरात कुठे आहे ते दाखवता येतं का ते बघा.

सरावासाठी गोएथे-इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरचे नमुना संच मोफत उतरवून घेता येतात. त्यातला प्रत्येक तिसरा प्रश्न घड्याळ लावून हातानं लिहा, आणि तुमच्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजून ठेवा. एका ओळीत सात शब्द बसत असतील तर सहा-सात ओळी म्हणजे झालं, आणि परीक्षेत शब्द मोजण्यात एक मिनिटही जात नाही.